पायची खरी किंमत कोणती: २२/७, ३.१४ की आणखी काही?

सायंतारा

माझी मुलगी नववीत शिकते. वर्तुळाचा परीघ काढण्याच्या एका उदाहरणात तिने पायची किंमत २२/७ घेतली आणि तिच्या मैत्रिणीने ३.१४ घेतली. दोघींची उत्तरे वेगळी आली, तरीही दोन्ही बरोबर धरली गेली. एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे बरोबर कशी, असे तिने मला विचारले. आम्ही गणकयंत्रावर पायची कळ दाबून पाहिली, तेव्हा तिथे ३.१४१५९२६५४ हा तिसराच आकडा दिसला आणि गोंधळ आणखी वाढला.

त्यानंतर अपरिमेय संख्यांचा धडा सुरू झाला. ज्या संख्या दोन संख्यांच्या गुणोत्तराच्या रूपात लिहिता येत नाहीत त्या अपरिमेय, असे तिने वहीत लिहून आणले आहे आणि त्याखाली उदाहरण म्हणून पाय दिला आहे. परंतु पायची व्याख्याच मुळी परीघ भागिले व्यास अशी आहे, म्हणजे ते एक गुणोत्तरच आहे. मग पाय अपरिमेय कसा? तिची ही शंका मला अगदी रास्त वाटते, आणि खरे सांगायचे तर माझ्या शालेय वयात ती मला सुचलीही नव्हती.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला समजून घ्यायची आहे. ज्या संख्येचे दशांश कधीच संपत नाहीत, ती संख्या निश्चित आहे असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो? तिला घाईने काहीतरी सांगून गप्प करायचे नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

समांतर

आपल्या मुलीची दुसरी शंका सर्वांत मूलभूत आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. वहीतल्या व्याख्येत एक शब्द राहून गेला आहे. परिमेय संख्या म्हणजे दोन *पूर्णांकांच्या* गुणोत्तराच्या रूपात लिहिता येणारी संख्या. कोणत्याही दोन संख्यांचे गुणोत्तर चालत असते, तर जगातली प्रत्येक संख्या परिमेय ठरली असती, कारण कोणतीही संख्या भागिले १ हेही गुणोत्तरच आहे.

आता वर्तुळाकडे पाहू. व्यास नेमका १ एकक घेतला, तर परीघ पाय एकके होतो आणि तो पूर्णांक नसतो. परीघ नेमका २२ एकके असलेले वर्तुळ घेतले, तर व्यास ७ एककांपेक्षा किंचित जास्त निघतो आणि त्याचे दशांश संपत नाहीत. एकक कितीही लहान घेतले, सूताचा कितीही बारीक तुकडा घेतला, तरी त्या एकाच तुकड्याने व्यासही शेष न उरता मोजला गेला आणि परीघही शेष न उरता मोजला गेला, असे कधीच होत नाही. पाय अपरिमेय आहे या विधानाचा संपूर्ण अर्थ एवढाच आहे. चौरसाची बाजू आणि कर्ण यांच्यातही हेच नाते असते. तिथे गुणोत्तर २ चे वर्गमूळ येते आणि तेही अपरिमेय असते, मात्र तो कर्ण कागदावर आखताना आपल्याला काहीच अडचण वाटत नाही.

पहिल्या शंकेविषयी. २२ ला ७ ने भागले की ३.१४२८५७१४२८५७… असे उत्तर येते आणि त्यात १४२८५७ हा गट अखंड फिरत राहतो. पायची किंमत ३.१४१५९२६५… अशी जाते. दोन्हींची पहिली दोन दशांश स्थळे जुळतात आणि तिसऱ्या स्थळापासून वाटा वेगळ्या होतात. ३.१४ ही किंमत पायपेक्षा सुमारे ०.००१५९ ने कमी आहे, तर २२/७ ही सुमारे ०.००१२६ ने जास्त आहे. म्हणजे एक पायच्या अलीकडे आहे, दुसरी पलीकडे आहे, आणि २२/७ ही ३.१४ पेक्षा थोडी अधिक जवळची आहे. दशांशातली किंमत अधिक ‘शास्त्रीय’ आणि अपूर्णांकातली जुनाट, असा एक समज सर्रास आढळतो, पण इथे तो उलटा ठरतो.

या फरकाचे वजन किती, हे मापावर अवलंबून असते. व्यास १ मीटर असेल, तर २२/७ घेतल्याने परिघात सव्वा मिलिमीटरची चूक होते. पृथ्वी १२,७४२ किलोमीटर व्यासाचा गोल मानली, तर तीच चूक सुमारे १६ किलोमीटर होते आणि ३.१४ घेतल्यास सुमारे २० किलोमीटर. उदाहरणात ‘पाय = २२/७ घ्या’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ ‘एवढी चूक चालेल’ असा असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की तिथे बरोबरीच्या चिन्हाऐवजी ‘अंदाजे’चे चिन्हच वापरायला हवे. अर्धा गोंधळ त्या एका चिन्हाने मिटेल.

शेवटची शंका, निश्चितपणाची. ती समजायला २२/७ चा उगम उपयोगी पडतो. १ एकक व्यासाच्या वर्तुळात सुसम षट्कोन काढला, तर त्याची परिमिती बरोबर ३ येते, कारण षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी असते. षट्कोन वर्तुळाच्या आत असल्यामुळे पाय ३ पेक्षा मोठा असला पाहिजे. त्याच वर्तुळाभोवती चौरस काढला, तर त्याची परिमिती ४ येते, म्हणून पाय ४ पेक्षा लहान असला पाहिजे. आता आतल्या बहुभुजाच्या बाजू दुप्पट करत जावे. १२ बाजूंना ३.१०५८, २४ बाजूंना ३.१३२६, ४८ बाजूंना ३.१३९४ आणि ९६ बाजूंना ३.१४१० अशा परिमिती मिळतात. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ९६ बाजूंपर्यंत जाऊन हे काम आतून आणि बाहेरून असे दोन्हीकडून केले आणि पाय हा २२३/७१ पेक्षा मोठा व २२/७ पेक्षा लहान आहे, असे सिद्ध केले. म्हणजे त्याच्या हातात २२/७ ही पायची किंमत नव्हतीच, ती पायभोवती घातलेल्या कुंपणाची वरची बाजू होती. कुंपण हवे तितके आवळता येते आणि कितीही आवळले तरी आत एकच संख्या उरते. दशांश कधीच न संपणारा पाय निश्चित आहे, तो या अर्थाने. संपत नाही ते आपले लिहिणे. संख्या मात्र जागच्या जागी असते.

पोथीवाचक

वरच्या उत्तरात ‘अंदाजे’ या चिन्हाविषयी जे म्हटले आहे, त्याला आपल्या जुन्या गणितग्रंथांचा भक्कम आधार आहे, म्हणून थोडी भर घालतो.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये दिलेला नियम असा: चार अधिक शंभर, त्याची आठपट, त्यात बासष्ट हजार मिळवावे, हा वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा ‘आसन्न’ परीघ होय. हिशेब केला तर ६२,८३२ भागिले २०,०००, म्हणजे ३.१४१६ येते आणि चार दशांश स्थळांपर्यंत ही अगदी योग्य किंमत आहे. पण या श्लोकात मला आकड्याइतकाच ‘आसन्न’ हा शब्द मोलाचा वाटतो. आसन्न म्हणजे जवळचा. आपण देतो तो परीघ नेमका नाही, जवळचा आहे, ही जाणीव नियमातच नोंदवलेली आहे. (या एका शब्दावरून आर्यभटाने पाय अपरिमेय असल्याचे सिद्ध केले होते, असे काही जण लिहितात. ते मान्य करता येत नाही. जवळची किंमत देणे आणि नेमकी किंमत पूर्णांकांच्या गुणोत्तरात असूच शकत नाही हे दाखवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत दोन किंमती शेजारी शेजारी दिल्या. ३९२७/१२५० ही ‘सूक्ष्म’ आणि २२/७ ही ‘स्थूल’, व्यवहाराला योग्य. ६२,८३२ आणि २०,००० या दोहोंना १६ ने भागले की ३९२७ आणि १२५० हेच आकडे मिळतात, म्हणजे सूक्ष्म किंमत आर्यभटाचीच आहे. स्थूल आणि सूक्ष्म अशी दोन नावे वापरल्यामुळे दोन किंमतींत भांडण उरत नाही. आपल्या मुलीच्या वर्गातली दोन्ही उत्तरे बरोबर का धरली गेली, याचे उत्तर या दोन शब्दांत आहे: ती दोन्ही स्थूल उत्तरे आहेत आणि उदाहरणाला तेवढेच पुरेसे होते.

त्यानंतरची झेप केरळातल्या संगमग्रामच्या माधवाची. त्याचा काळ साधारण १३४० ते १४२५ असा मानतात. बहुभुजाच्या बाजू दुप्पट करण्याच्या वाटेने न जाता त्याने अनंत श्रेढी वापरली. १ उणे १/३ अधिक १/५ उणे १/७, असे विषम संख्यांचे व्यस्त आळीपाळीने वजा-अधिक करत गेले, तर बेरीज पायच्या चतुर्थांशाकडे जाते. युरोपात हीच श्रेढी सतराव्या शतकात लायब्निझच्या नावाने प्रसिद्ध झाली. ती दिसायला अतिशय देखणी आहे, पण चालते फार हळू. दहा पदे घेऊन चौपट केली तर ३.०४१८ येते, शंभर पदांना ३.१३१६ आणि हजार पदांनाही ३.१४०६. माधवाच्या परंपरेला हा दोष पुरता ठाऊक होता. म्हणून बेरीज थांबवल्यावर शेवटी जोडायची संस्कारपदे त्यांनी शोधली, आणि दुसरी एक वेगवान श्रेढीही दिली: १२ च्या वर्गमूळाला १ उणे १/(३×३) अधिक १/(५×९) उणे १/(७×२७)… या बेरजेने गुणावे. हिची पहिली सहाच पदे घेतली तरी ३.१४१३ मिळते. माधवाची म्हणून पुढच्या ग्रंथांनी जपलेली किंमत ९ वर अकरा शून्ये एवढ्या व्यासाला २८,२७,४३,३३,८८,२३३ हा परीघ सांगते. भागाकार ३.१४१५९२६५३५९ येतो, म्हणजे अकरा दशांश स्थळांपर्यंत योग्य.

याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजीने आर्यभटाच्या ‘आसन्न’ या शब्दावर भाष्य करताना, नेमकी किंमत सोडून जवळची का सांगितली, असा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आहे. ज्या मापाने व्यास शेष न उरता मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजला तर शेष उरतोच, असे त्याचे उत्तर आहे. ‘समांतर’ यांनी सुताच्या तुकड्याचे जे उदाहरण दिले, ते आशयाने हेच. सिद्धता मात्र त्याने तिथे दिलेली नाही.

चीनमध्ये पाचव्या शतकात त्सू चुंग-चिह याने ३५५/११३ हा अपूर्णांक दिला. तो सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतो. वरच्या पृथ्वीच्या उदाहरणात त्याने होणारी चूक साडेतीन मीटरच्या आत राहते. ११३३५५ असे अंक लिहून मधोमध तोडले की छेद आणि अंश मिळतात, म्हणून मुलांना तो लगेच पाठ होतो.

चौकस

दोन्ही उत्तरे आवडली. एक भर घालाविशी वाटते. पायच्या दशांशांत कोणताही आकृतिबंध नाही, त्यामुळे त्यात प्रत्येक अंकगट कुठे ना कुठे येतोच. आपल्या मुलीची जन्मतारीखही त्यात असणार. मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे कुतूहल वाढते.

समांतर

कुतूहल वाढवण्याचा हेतू चांगला आहे, पण विधान जसे मांडले आहे तसे सिद्ध झालेले नाही, म्हणून ते मुलांना सत्य म्हणून सांगू नये. दशांश न संपणे आणि त्यांची आवर्तने न होणे यावरून प्रत्येक अंकगट येतोच, असा निष्कर्ष निघत नाही. ०.१०१००१०००१००००… ही संख्या पाहा, जिच्यात दोन एकांमधली शून्ये दर वेळी एकाने वाढत जातात. तिचे दशांश संपत नाहीत, फिरत नाहीत, म्हणून ती अपरिमेय आहे, तरी तिच्यात २ हा अंक एकदाही येणार नाही. पायमध्ये सर्व अंक सारख्या प्रमाणात येत असावेत, असे आजवर काढलेल्या दशांशांवरून दिसते आणि बहुतेक गणितज्ञांचा तसा अंदाज आहे, पण त्याची सिद्धता अद्याप कोणाकडेही नाही. आठ अंकांची ठराविक जन्मतारीख शोधून दाखवली तर ती सापडली असे म्हणावे. सापडणारच होती, असे म्हणू नये.

चौकस

मान्य. ऐकीव गोष्ट मी तपासून न पाहता लिहिली होती. आपले शून्यांचे उदाहरण मी जपून ठेवतो.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. कुंपणाची कल्पना मुलीला पटली आणि स्थूल-सूक्ष्म हे शब्द तिने वहीत लिहून ठेवले. तिचा पुढचा प्रश्न असा: माणसाने कितीही दशांश काढले तरी ते मोजकेच असणार. मग पुढे कुठेतरी ते फिरू लागत नाहीत, हे कसे कळले? दुसरे म्हणजे, तिच्या मोठ्या भावाच्या त्रिकोणमितीच्या पुस्तकात पाय म्हणजे १८० असे दिसते. ३.१४ आणि १८० हे एकाच अक्षराचे दोन अर्थ आहेत का?

समांतर

दशांश काढत बसून ते कळणे शक्यच नाही. मुलीने अडचण अचूक ओळखली आहे. विल्यम शँक्स यांनी वर्षानुवर्षे हाताने आकडेमोड करून १८७३ मध्ये पायचे ७०७ दशांश प्रसिद्ध केले. १९४०च्या दशकात त्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा ५२८ व्या स्थळी चूक निघाली आणि तिथून पुढचे सगळे अंक बाद झाले. पण हजारो किंवा अब्जावधी अंक निर्दोष काढले, तरी पुढच्या अंकांविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सिद्धता वेगळ्या बाजूने येते. योहान लँबर्ट याने १७६० च्या दशकात टॅन्जंट हे त्रिकोणमितीय फल एका न संपणाऱ्या अपूर्णांकाच्या रूपात लिहिले, ज्यात छेदात अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा अपूर्णांक अशी साखळी असते. त्या साखळीवरून त्याने दाखवले की शून्य सोडून कोणतीही परिमेय संख्या टॅन्जंटमध्ये घातली, तर उत्तर अपरिमेयच येते. आता पायच्या चतुर्थांशाचा, म्हणजे ४५ अंशांचा (इथे कोन रेडियन या मापात घेतला आहे, त्याविषयी खाली लिहितो) टॅन्जंट बरोबर १ असतो, आणि १ ही परिमेय संख्या आहे. पायचा चतुर्थांश परिमेय असता, तर उत्तर अपरिमेय यायला हवे होते. तसे येत नाही, म्हणून पायचा चतुर्थांश परिमेय नाही आणि पायही नाही. साखळीचा भाग नववीला कठीण आहे, पण शेवटचे दोन टप्पे मुलीला नक्की समजतील. एकही दशांश न काढता सर्व दशांशांविषयी खात्री मिळते, हा या युक्तिवादातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. पुढे १८८२ मध्ये लिंडेमान याने पाय बीजातीतही असल्याचे सिद्ध केले, म्हणजे पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्याही बैजिक समीकरणाचे तो मूळ नाही. त्यामुळे केवळ पट्टी आणि कंपास वापरून वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याचा प्राचीन प्रश्न कायमचा निकाली निघाला.

१८० विषयी: पाय १८० नाही. पाय *रेडियन* म्हणजे १८० *अंश*. त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो एक रेडियन, आणि अर्ध्या वर्तुळाच्या कंसावर अशी त्रिज्या ३.१४१५९… वेळा बसते. १०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर, म्हणून १०० म्हणजे १, असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे. पुस्तकात एकके गाळलेली असतात, म्हणून हा भास होतो.

सायंतारा

मुलीने आणि मी काल बहुभुजाच्या बाजू दुप्पट करण्याचा प्रयोग केला. त्रिज्या १ धरून षट्कोनाची बाजू १ घेतली. नवी बाजू काढण्यासाठी जुन्या बाजूचा वर्ग ४ मधून वजा केला, वर्गमूळ घेतले, ते २ मधून वजा केले आणि पुन्हा वर्गमूळ घेतले. मग बाजूंच्या संख्येने गुणून उत्तर निम्मे केले. ३.१०५८, ३.१३२६, ३.१३९४ असे अगदी आपण लिहिलेलेच आकडे येत गेले आणि तिला फार आनंद झाला. परंतु ती थांबली नाही. पुढे उत्तर सुधारण्याऐवजी बिघडू लागले आणि शेवटी चक्क शून्य आले. बाजू वाढल्यावर कुंपण आवळले जायला हवे ना?

समांतर

कुंपण आवळलेच जाते आहे, गणकयंत्राचे अंक संपत आहेत. बाजू फार लहान झाली की ४ मधून तिचा वर्ग वजा करून घेतलेले वर्गमूळ २ च्या इतके जवळ येते, की यंत्राच्या दहा-बारा अंकांत फरकाचे मोजकेच अंक शिल्लक राहतात. ते २ मधून वजा केल्यावर त्या उरल्यासुरल्या अंकांवर पुढचे सगळे गणित उभे राहते, आणि एका टप्प्यावर फरक यंत्राला दिसेनासा होऊन शून्य येते.

उपाय सोपा आहे. जवळजवळ समान संख्यांची वजाबाकीच टाळावी. ४ मधून बाजूचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावे, त्यात २ *मिळवावे*, त्याचे पुन्हा वर्गमूळ घ्यावे आणि जुन्या बाजूला त्याने भागावे. हे सूत्र पहिल्याच सूत्राचे दुसरे रूप आहे, हे छेदाचे परिमेयीकरण करून पडताळता येते आणि तेही नववीच्याच अभ्यासक्रमात आहे. या रूपाने बाजू कितीही वेळा दुप्पट केल्या तरी उत्तर कोसळत नाही.

सायंतारा

तिने आत्ताच करून पाहिले. पंधरा वेळा दुप्पट केल्यावर यंत्रावर ३.१४१५९२६५ पर्यंतचे सर्व अंक जुळले. आता ती परिमेयीकरणाची पडताळणी करते आहे.